खैरदऱ्याचा अधिकृत सायकलपथ

खैरदऱ्याची हर्षाली रोज सकाळी बादशाही पाटाच्या कडेने सायकल चालवत असे आणि त्यामुळे कुणाचंही काही बिघडत नव्हतं. सरकारी भाषेत सांगायचं तर परिस्थिती गंभीर होती, फक्त ती अजून कुणाच्या निदर्शनास आली नव्हती.

खैरदरा ओतूरच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून बसलेलं गाव. कोण्या एका बादशहाने डोंगरातलं पाणी खाली उतरवायला इथे दगडी पाट बांधला होता. कुठे तो जमिनीला चिकटून जातो, कुठे ओढा आडवा आला की कमानींवर चढून पलीकडे उतरतो. बादशहा कोण, हे गावाला ठाऊक नाही. बादशहा गेला, मागोमाग पाणी गेलं, दगड राहिले. पाटाच्या कडेने गवताची रुंद पट्टी होती. मेंढपाळ जानकूची मेंढरं रोज तिच्यावरून चरत जायची नि चरत यायची, म्हणून गवत कायम बोटभर आणि वाट पायाखाली मऊ.

हर्षाली आणि तिचा नवरा अमृत यांची गावात पिठाची गिरणी. मुलगा सुदर्शन शिकायला पुण्याला गेला तेव्हा हट्टाने घेतलेली गिअरची सायकल कांद्याच्या चाळीत टांगून गेला. एका सकाळी हर्षालीने ती खाली काढली, धूळ पुसली आणि पाटावर नेली. पहिले काही दिवस ती गवतात पडली, एकदा ओढ्यातही पडली. मग पडायची थांबली. गिरणी सुरू व्हायच्या आधीचा तेवढा वेळ तिला कुणी दळण जाडं की बारीक ते विचारत नसे. कमानीवरून पलीकडे उतरताना ती ब्रेक दाबायची नाही. पोटात खड्डा पडायचा आणि तो तिला फार आवडायचा.

सासूने, चिमाबाईने, एकदा चूल फुंकता फुंकता विचारलं होतं, "सकाळसकाळी चाललीस कुटं?"

"कुटंच न्हाई."

"मग लवकर ये," चिमाबाई म्हणाली आणि विषय मिटला.

तो पुन्हा उघडला सरपंच धर्माजींनी. ते जुन्नरला एका बैठकीला गेले होते. तिथे ग्रामीण विरंगुळा विकास महामंडळाने 'हरित सायकलपथ' नावाची योजना जाहीर केली. ज्या गावात गवताची नैसर्गिक वाट आहे आणि तिच्यावर सायकल चालवणारी किमान एक व्यक्ती आहे, अशा गावाचा विकास करण्याचं महामंडळाने ठरवलं होतं. धर्माजी परस्पर गिरणीवर आले.

"वैनी, तुमी सायकल चालवता ना? मग आजपासून तुमी योजना झाल्या."

हर्षालीने पिठाचे हात झटकले आणि योजना झाल्यावर काय करावं लागतं ते विचारलं. काहीच नाही, जे करता तेच करायचं, असं धर्माजींनी सांगितलं. तिला वाटलं, बरं आहे, निदान वाटेवरच्या बाभळीच्या फांद्या तरी कुणी छाटेल. काट्यांनी चाकं फार पंक्चर होत. तिने तसं बोलूनही दाखवलं. पुढे महामंडळाचे साहेब पाहणीला आले तेव्हा त्यांनी तिचं म्हणणं मान हलवून ऐकलं आणि काटे हा विषय दुसऱ्या टप्प्यात घेतला.

पहिल्या टप्प्यात त्यांना जाणून घ्यायचं होतं की वाट सुरू कुठे होते. हर्षाली म्हणाली, मी सायकलवर बसते तिथे. साहेब हसले. अशा वाटेचं उद्घाटन करता येत नाही, असं त्यांनी समजावलं. जिला सुरुवात नाही तिची फीत कापणार कुठे? तेव्हा प्रवेशद्वाराची कमान हवी. पाटाला मुळात दगडी कमानी होत्या, पण त्या जुन्या होत्या. नवी कमान फायबरची आली आणि दगडी दिसावी म्हणून तिला दगडाचा रंग दिला गेला. ती बरोब्बर वाटेवर उभी राहिली. तिचं उद्घाटन व्हायचं असल्यामुळे तिला आडवी लाल फीत बांधली गेली, आणि फीत तोडण्याचा अधिकार फक्त मंत्र्यांना असल्यामुळे वाट बंद झाली. मंत्री येईपर्यंत हर्षाली शेजारच्या मिरचीच्या रानातून वळसा घालून जाऊ लागली.

दरम्यान समिती स्थापन झाली. तिचं नाव इतकं लांब होतं की फलकाला दोन खांब जादा लावावे लागले, आणि तेही वाटेतच बसले. हर्षालीला 'सायकलदूत' नेमण्यात आलं. शाल दिली, नारळ दिला. समितीच्या बैठका सकाळी ठेवल्या, कारण साहेबांना तीच वेळ मोकळी असे. प्रत्येक बैठकीत ठराव होई की सायकलदूत भल्या सकाळी सायकल चालवून समाजापुढे आदर्श ठेवत आहेत. हर्षाली खुर्चीवर बसून तो ऐके. खिडकीतून पाट दिसायचा. तिचे पाय टेबलाखाली आपोआप हलत.

एका बैठकीनंतर साहेब पाटावर फेरफटका मारायला गेले आणि त्यांना जानकूची मेंढरं दिसली. ती गवत खात होती.

साहेबांना धक्का बसला. योजना हिरवळीची आणि हिरवळ उघड्यावर खाल्ली जातेय. लगेच चराईबंदी झाली. जानकू टोपी काढून म्हणाला, "साहेब, मेंढरं न्हाई चरली तर गवत वाढंल."

"आम्हाला तेच हवंय," साहेब म्हणाले.

जानकूने टोपी पुन्हा घातली. मग त्याने मेंढरं वळवली आणि तो डोंगराच्या मागच्या अंगाला निघून गेला. भांडला नाही. सरकारला गवत वाढवायचं असेल तर आपण कोण नाही म्हणणार, असं वाटेत भेटलेल्या अमृतला सांगून गेला.

पावसाळा संपता संपता गवत कमरेला लागलं. महामंडळाने त्याची छायाचित्रं काढून वरच्या कार्यालयात पाठवली आणि हिरवळीत अभूतपूर्व वाढ झाल्याबद्दल साहेबांचं अभिनंदन झालं. वाट तेवढी सापडेना. समितीचे सचिव चिमाजी ती शोधायला गेले आणि पाटात पाय अडकून पडले, त्यावरून ती तिथेच कुठेतरी असणार असा निष्कर्ष निघाला.

हर्षाली तरी जायचीच. बैठक नसेल त्या दिवशी सायकल ढकलत, हाताने गवत बाजूला सारत. अशाच एका सकाळी तिने गवत सारलं आणि समोर पाटाच्या दगडांवर बिबट्या बसलेला दिसला. उसातून उठून आला होता आणि पंजा चाटत होता. त्याने पंजा तसाच वर धरून तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग जणू आपल्याही बैठकीची वेळ झाली अशा थाटात तो उठला आणि गवतात शिरला. हर्षालीने सायकल वळवली ती मिरचीच्या रानातून थेट गिरणीत येऊन थांबली. तिथे एका ज्वारीच्या गोणीवर बसून ती कितीतरी वेळ हसत होती. अमृतने पाणी दिलं, तरी हसत होती.

साहेबांना बातमी कळली तेव्हा ते आधी खूश झाले, कारण सायकल आणि बिबट्या असं दुहेरी पर्यटन आजवर कुणी केलं नव्हतं. मग सुरक्षेची आठवण होऊन ते गंभीर झाले. पिंजरा आला. ठेवायला सपाट जागा फक्त फायबरच्या कमानीखाली होती, म्हणून तो तिथे ठेवला. आत कोंबडी बांधली. दुसऱ्या दिवशी कोंबडीला दाणापाणी मिळालं का, हे पाहायला चिमाजी कर्तव्यबुद्धीने आत वाकले आणि मागे दार पडलं. दार उघडणारा माणूस दुसऱ्या गावी दुसऱ्या बिबट्यामागे गेला होता. दुपारपर्यंत पंचक्रोशी चिमाजींना पाहून गेली. पेठहून पाहुणे आले. भेळेची गाडी लागली. एवढी गर्दी बघून बिबट्याने मात्र खैरदरा कायमचा सोडला.

समितीने या घटनेतून धडा घेतला. धोका बिबट्याचा नसून गवताचा आहे, असं एकमताने ठरलं. गवत काढायचं. पण योजना गवताची होती, ते काढलं तर योजनाच जाते. साहेबांनी दोन दिवस विचार करून मार्ग काढला. जेसीबी आला. पाटाच्या कडेची पट्टी खरवडून काढली, तिथे सिमेंटचा कोबा केला आणि कोब्यावर हिरवागार प्लॅस्टिकचा गालिचा अंथरला, लग्नाच्या हॉलबाहेर असतो तसला. तो वाढत नव्हता, वाळत नव्हता आणि बिबट्याला आवडत नव्हता.

मंत्री आले, फीत कापली, हर्षालीला पुन्हा शाल मिळाली. मंत्र्यांची गाडी वळणाआड गेली तशी ती सायकल घेऊन कमानीतून आत निघाली. पहारेकऱ्याने अडवलं. चाकांचे डाग पडून गालिचा खराब होतो, म्हणून सायकली आत न्यायला मनाई होती. तसा फलकही होता, 'हरित सायकलपथ' या फलकाच्या बरोबर खाली.

साहेब अजून तिथेच पेढे खात होते. हर्षाली त्यांच्याकडे गेली.

"साहेब, मग सायकल चालवायची कुटं?"

"ताई, सायकल चालवणं हा तुमचा वैयक्तिक प्रश्न आहे," साहेब समजुतीने म्हणाले. "आपण इथे सायकलपथ केलाय."

लोक येऊ लागले. ओझरच्या गणपतीला आलेल्या गाड्या वाट वाकडी करून यायच्या. मंडळी गालिचावर चप्पल काढून चालायची आणि परत जाताना तक्रार करायची की सायकलपथावर सायकल म्हणून नाही. तक्रार रास्त होती. समितीने कमानीच्या आत एक ओटा बांधला आणि त्यावर एक सायकल बसवायचं ठरवलं. गावात गिअरची सायकल एकच होती.

हर्षालीने नाही म्हटलं. मग धर्माजी येऊन बसले, चिमाजी येऊन बसले, शेवटी चिमाबाईच म्हणाली, "देऊन टाक बाय. गावाचं नाव व्हतंय." सायकल गेली. ती बोल्टांनी ओट्याला आवळली. कुणी चालवू नये म्हणून तिची चेन काढली आणि ती चेन हर्षालीला तिसऱ्या शालीसोबत समारंभपूर्वक परत केली. ओट्यावर पाटी लागली: 'प्रेरणादायी सायकल. हात लावू नये.'

त्यानंतर गिरणीतलं दळण बिघडलं. भाकरीची ज्वारी रव्यासारखी निघे आणि लाडवाचं बेसन मैद्यासारखं. बायका कुरकुर करू लागल्या. चिमाबाईने भाकरी थापताना पीठ बोटांत चोळून पाहिलं आणि सुनेकडे पाहिलं. हर्षाली चक्कीपाशी उभी राहून कुठेतरी बघत असायची. कुठे, ते अमृतला ठाऊक होतं. तो बोलका माणूस नव्हे. एक दिवस संध्याकाळी गिरणी बंद करताना त्याने मोठा पाना खुंटीवरून काढला आणि तिच्या पुढ्यातल्या गोणीवर ठेवला.

"पट्टा सैल झालाय का?" तिने विचारलं.

"पट्टा बरा हाय," तो म्हणाला आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहारेकरी चहाला गेलेला असताना हर्षाली ओट्यावर चढली. बोल्ट घट्ट होते, पण तिचा हात गोण्या उचलणारा होता. सायकल मोकळी झाली. तिने तिथेच बसून सोबत आणलेली चेन चढवली. गालिचावरून जायचं का, असा विचार तिच्या मनात आला, आणि सांगायला हवं की ती गेली. दोनदा गेली. बरं वाटलं नाही. घराच्या ओसरीत सायकल चालवल्यासारखं वाटलं. मग ती डोंगराच्या मागच्या अंगाला निघाली. तिथे जानकूची मेंढरं वर्षभर चरत होती आणि उतारावर त्यांनी नवी वाट पाडली होती, बोटभर गवताची. ती नेमकी कुठे आहे हे मला ठाऊक आहे आणि मी सांगणार नाही.

समितीची तातडीची बैठक झाली. चोरीची तक्रार द्यावी तर सायकलपथावर एकच सायकल होती हे कबूल करावं लागणार. म्हणून सायकल देखभालीसाठी नेली आहे, असा ठराव झाला. पुढे धर्माजींना ओतूरच्या रस्त्यावर हर्षाली सायकलवरून येताना दिसली. ते थांबले आणि रस्त्याकडेचं चिंचेचं झाड अत्यंत बारकाईने पाहू लागले. ती गेल्यावर निघाले. गिरणीचं दळण सुधारलं.

ओटा रिकामा राहिला. समितीला वाटलं, आता गर्दी ओसरेल. तसं झालं नाही. लोक ओट्यावर चढतात, पाय फाकवून किंचित वाकतात, दोन्ही हात पुढे करून हवेत मुठी आवळतात आणि वाऱ्याला तोंड दिल्यासारखे डोळे बारीक करतात. फोटो होतो. खाली उतरून ते मोबाइलवर पाच तारे देतात: गालिचा स्वच्छ, गाडी लावायला सोय उत्तम, सायकलिंगचा अनुभव अविस्मरणीय.

मागच्या दिवाळीत दर्शन उरकून तुम्हीही येऊन गेलात. समितीला तुमचा फोटो इतका आवडला की तो मोठा करून कमानीशेजारी लावलाय. छानच आलाय. फक्त हात जरा खाली धरायला हवे होते. हँडल एवढं उंच नव्हतं.