गिटारवरची घंटी

एक स्टीलची वाटी, बुडाला दोन भोकं पाडलेली.

मोटारसायकलचा आरसा. डावा.

गुलाबी ऑइलपेंट, थरावर थर, आणि त्यावर चांदीच्या चमकीत 'आई एकवीरा प्रसन्न'.

गव्हाण गावातलं एक घर, ज्याच्या दारावर घंटी नाही. पाहुण्याने बाहेर उभं राहून हाक मारायची.

एक सासरा, जो आजवर कुणाच्याच हळदीत नाचलेला नाही.

यातल्या पहिल्या तीन गोष्टी नवीन पनवेलच्या इंद्रजीतने विकत आणलेल्या गिटारला लावलेल्या होत्या. शेवटच्या दोन त्याला लग्नात मिळाल्या होत्या.

झालं होतं असं, की मेहुणीचं, दिपिकाचं, लग्न ठरलं. सासुरवाडीला गव्हाणात पंगत बसली होती आणि इंद्रजीतच्या तोंडून निघून गेलं, "हळदीला मी गिटार वाजवीन." तो मूळचा पुण्याचा. कॉलेजात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा, म्हणजे मित्राची वाजवायचा. सासुरवाडीत मात्र तो बोंबील नीट सोलता न येणारा जावई म्हणूनच ओळखला जाई.

सासरे कमलाकर यांनी माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. "जावईबापू, तुमी वाजवलात तं मी नाचीन."

सगळं घर हसलं. कमलाकर स्वतःच्या हळदीतही नाचले नव्हते.

"आता मागे फिरायचं नाही हं," परतताना बायको रुचिरा म्हणाली. "बाबांनी शब्द दिलाय. तुम्ही नाही वाजवलंत तर दर गणपतीला हा विषय निघेल."

जुन्या पनवेलात ताहेरभाईंच्या जुन्या सामानाच्या दुकानात ती गिटार एका कूलरवर आडवी पडली होती.

"लाकूड बघा साहेब," ताहेरभाई म्हणाले. "आतून एकदम खानदानी. वरून जरा मेकअप झालाय."

"ही वाटी कशाला?"

"अल्ला जाणे. आली तेव्हापासून आहे."

"आणि हे बटण?"

इंद्रजीतने दाबलं. गिटारच्या पोटातून मोठ्ठा टिंग-टाँग झाला. ताहेरभाईंनी सवयीने दाराकडे पाहिलं. शेजारच्या दुकानदारानेही आपल्या दाराकडे पाहिलं.

"घरी जाऊन हिला मूळ रूपात आणतो," इंद्रजीत म्हणाला.

"जरूर. पण एक सांगू? ज्याने हे केलं त्याने काहीतरी सोचूनच केलं असेल."

इंद्रजीतने हे ऐकलं नाही. तो मनात रंग खरवडायला लागला होता.

*

आरसा काढला, तिथे भोक निघालं. भोक बुजवायला एमसील लावलं, ते वाळण्याआधी गिटार टेबलावर ठेवली, तर टेबलक्लॉथ गिटारला चिकटला. तो ओढताना रंग उतरवायचं औषध सांडलं आणि टेबलाचं पॉलिश उतरलं. पॉलिश छान उतरलं, गिटारचं उतरत नव्हतं तसं.

मग त्याने गॅलरीत बसून पॉलिश पेपरने घासायला घेतलं. खालच्या मजल्यावरच्या वसुंधराकाकू वर आल्या.

"इंद्रजीत, माझ्या चादरी गुलाबी झाल्यात."

"काकू, धुतल्या की जाईल."

"धुऊनच वाळत घातल्या होत्या."

देवीच्या नावापाशी आल्यावर रुचिराने त्याचा हात धरला. "आईचं नाव घासायचं नाही." म्हणून तेवढी एक गुलाबी पट्टी राहिली. बाकी लाकूड मधाच्या रंगाचं निघालं. इंद्रजीत त्यावरून हात फिरवत राही आणि जेवायला तीन हाका मारायला लागत.

घंटीची वायर कापली तर गिटारच मुकी झाली. आधीच्या माणसाने सगळी वायर घंटीतून नेलेली. इंद्रजीतने मोबाईलवर व्हिडिओ बघून सगळं नव्याने सोल्डर केलं. गिटार बोलली. पण वसुंधराकाकूंनी मिक्सर लावला की तीही गुरगुरायची. तिच्या पोटात आतून पत्र्याची चिकटपट्टी लावल्यावर तेही थांबलं.

आरसा, वाटी, घंटी, मागे ठोकलेली एक लोखंडी पट्टी, सगळ्या काढलेल्या वस्तू रुचिरा चकलीच्या डब्यात टाकत होती. एका संध्याकाळी वाटी घासताना ती थबकली. वाटीवर, भोकाच्या वर, नाव कोरलं होतं. सौ. सुमती.

"अहो, ही आईची वाटी."

"सुमती नावाच्या काय एकच बाई आहेत?"

"अक्षर आमच्या कोपरखैरणेच्या मामीचं आहे. भांड्यांवर तीच नावं घालायची. आईचा सहाचा सेट माझ्या लग्नापासून पाचचा आहे. आई अजून माझ्या सासूबाईंवर संशय घेते."

डबा हळदीला न्यायचा ठरला. वाटी परत करायला.

*

गव्हाणात मांडव. दिपिका पाटावर, सुमतीबाई हळद वाटण्यात गुंतलेल्या, आणि कोपऱ्यात काशिरामची बेंजो पार्टी. काशिराम दाढीला मेंदी लावलेला, गळ्यात नवी कोरी काळी गिटार. पहिलं गाणं जोरात सुरू झालं.

मग तेच सुरू राहिलं.

बायका नाचून बसल्या, पाणी पिऊन उठल्या, परत त्याच चालीवर नाचल्या. काशिराम ओरडत होता, ढोलवाल्यांना ऐकू येत नव्हतं. भुवया उडवत होता, कॅशिओवाल्याने डोळे मिटले होते. दोन्ही हात गिटारवर, खूण करणार कशाने? एक मावशी म्हणाली, "काशिरामची सुई अडकली गो."

अखेर ढोलवाला हात दुखून थांबला, तेव्हा सगळे थांबले. हीच वेळ, असं म्हणून इंद्रजीत आपली गिटार घेऊन पुढे झाला. मधाचं लाकूड दिव्यात झळकलं. काशिरामने लाकूड पाहिलं नाही. त्याने गुलाबी पट्टी पाहिली.

"ही माझी हाय."

"मी विकत घेतलीय."

"विकली मीच. पन हिला सोललीत कशाला? घंटी कुठं हाय?"

"काढली."

काशिरामने कपाळाला हात लावला. "अवो, घंटी वाजली की गानं बदलायचं. ढोलात दुसरं काय ऐकू येतं? नवी घेतली, वाटलं मानेनं खूण करीन. मान बघतंय कोन?"

"आणि आरसा?"

"मागचे वाजवतात का जेवायला गेले, ते बघायला."

"गुलाबी रंग?"

"लाईट गेली तरी दिसावी."

"मागे ती लोखंडी पट्टी होती, ती?"

"ती कशाला नाय. उरली होती."

रुचिराने डबा उघडून वाटी वर धरली. "आणि ही, काशिरामदादा?"

काशिरामचा आवाज जरा उतरला. "त्यात पावडर. हळदीचं तेल लागलं की बोटं घसरतात ना. तुमच्याच हळदीत... मंजे पावडर ठेवायला काहीतरी पायजेच होतं."

सुमतीबाईंनी वाटी हातात घेतली, भोकं पाहिली आणि परत दिली. "आता तुलाच ठेव," त्या म्हणाल्या. आणि मग रुचिराला, हळूच, "तुझ्या सासूला फोन लाव."

मांडव ताटकळला होता. पाटावरून दिपिका ओरडली, "भावजी, माझी हळद एका गाण्यावर आटपणार का?"

इंद्रजीतने गिटारकडे पाहिलं. मग शेजाऱ्याची ड्रिल मशीन मागवली. स्वतः बुजवलेलं भोक त्याने स्वतः उघडलं. घंटी बसली, वाटी बसली, आरसा बसला. लोखंडी पट्टीसुद्धा, कारण ती परत उरत होती.

"हिची सगळी वायर आता तुमाला ठावं," काशिराम म्हणाला. "तुमीच वाजवा. मी मान हलवली की घंटी दाबा."

इंद्रजीत वाजवू लागला. त्याचे सूर ढोलात कुठे गेले ते त्याचं त्यालाही कळलं नाही. काशिरामने मान हलवली. टिंग-टाँग. गाणं बदललं. मांडवाने श्वास सोडला.

आणि खुर्चीवरचे कमलाकर उठले.

सगळे बघत राहिले. कमलाकर हात हलवत, चार पावलं घराच्या दाराकडे गेले. दारापाशी कोण आलंय ते वाकून पाहिलं, कुणी नाही, मान झटकली, चार पावलं मागे आले. टिंग-टाँग. पुन्हा चार पावलं पुढे, वाकून, मान झटकून, चार मागे.

"दादांची स्टेप बघ," मघाची मावशी म्हणाली, आणि त्यांच्यामागे लागली. मग दोघी. मग दिपिकाच्या मैत्रिणी. मग अख्खा मांडव घंटीसरशी दाराकडे जात होता, वाकत होता, मान झटकत होता, परत येत होता. कमलाकरांनी एकदा मागे वळून पाहिलं. सगळं गाव आपल्यामागे का येतंय हे त्यांना समजलं नसावं, पण थांबणं आता शक्य नव्हतं.

आरशात इंद्रजीतला रुचिरा दिसली. ती हसून हसून खाली बसली होती.

"मामा," सगळं उरकल्यावर तो म्हणाला, "शब्द पाळलात."

कमलाकरांच्या कपाळाला हळद लागली होती. "नाचलो मी?" त्यांनी विचारलं. मग दाराकडे बघत म्हणाले, "नाचलो असन. पन मगापासून दारात कोन येतंय, बघा जरा."

कमलाकरांच्या दारावरची घंटी रुचिराच्या हळदीच्या दिवशी नाहीशी झाली होती.