दामोधरजींचा नौकाविहार

महाल भागातून नागनदीचा पूल ओलांडताना नागपूरच्या माणसाचा हात आपोआप खिशातल्या रुमालाकडे जातो. रुमाल नाकाला लागतो, पायांचा वेग वाढतो आणि पूल संपल्यावरच माणूस पुन्हा श्वास घेतो. दामोधरजी खापरे मात्र त्याच पुलाच्या मधोमध सायकलवरून उतरत, टोपी काढून हँडलला अडकवत आणि डोळे मिटून छातीभर श्वास घेत. एकदा एका रिक्षावाल्याला वाटलं, म्हाताऱ्याला घेरी आली. त्याने बिचाऱ्याने धरून कडेला बसवलं, जवळच्या टपरीवरून पाणी आणून पाजलं. दामोधरजींनी पाणी पिऊन घेतलं, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "घेरी नाई गा. नदीची हवा खाऊन राहिलो."

रिक्षावाल्याने त्यांच्याकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं, आणि भाडं सोडून दिल्यासारखा निघून गेला.

मी काटोलकडच्या एका खेड्यातला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच माणूस. बी.ए. होऊन नोकरीसाठी नागपूरला आलो तेव्हा कुणी मला खोली देईना. एकट्या पोराला खोली कशी द्यावी, हा घरमालकांचा प्रश्न. दामोधरजींनी वेगळाच प्रश्न विचारला. मागच्या दाराशी नेऊन खाली बोट दाखवलं आणि म्हणाले, "याले काय म्हणता?"

मी गावात नवा. खाली काळं पाणी वाहत होतं. मी सरळ मनाने म्हणालो, "नदी."

खोली मिळाली. नंतर कळलं, माझ्याआधी आलेले सगळे उमेदवार खास नागपूरचे होते आणि सगळ्यांनी 'नाला' असं अगदी बरोबर उत्तर दिलं होतं.

त्या खोलीत मी लग्न होईपर्यंत राहिलो. सणावाराला त्यांच्याच घरी जेवलो, तापात पडलो तेव्हा वच्छलाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, माझ्या उशाशी बसून पेज पाजली. त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही. ते मला नावाने कधी हाक मारत नसत. "ओ बीए, चहा झाला हाय!" गल्लीतल्या पोरांना बरेच दिवस माझं आडनाव 'बीए' असावं असं वाटत होतं.

दामोधरजींची सारी नोकरी एका सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात गेली होती. त्यामुळे जगापेक्षा नकाशावर त्यांचा विश्वास जास्त. नागनदीचा विषय निघाला की ते भिंतीवरच्या शहराच्या नकाशाकडे बोट करत. "निळी हाय ना? निळी म्हणजे नदी. नाला आमी काळ्या रेघेनं दाखवतो. मी सोता निळी शाई भरली हाय तिच्यात." समोरच्याने वासाचा मुद्दा काढला तर म्हणत, "नकाशाले वास येते का?"

घरावर पाटी होती, 'नदीकिनारा'. एका पावसाळ्यात पाणी खरोखर मागच्या दारातून आत शिरलं. आम्ही धान्याची पोती खाटेवर चढवत होतो, काकू चूल वाचवत होत्या, आणि दामोधरजी घोट्यापर्यंतच्या पाण्यात उभे राहून शेजाऱ्यांना ओरडून सांगत होते, "पाहा गा! तुमच्या घरी येते का नाला भेटाले?"

आता हा सारा अट्टहास कशापायी, ते सांगायला हवं. काकूंचं माहेर पवनीचं. वैनगंगेकाठचं. तिथे नदी म्हणजे पलीकडचा काठ धूसर दिसावा अशी, घाट असलेली, डोंगे चालणारी. दामोधरजी तिथे मुलगी पाहायला गेले आणि भर बैठकीत सांगून बसले, "आमचं घर नदीकाठीच हाय. नावेनं फिरता येते." लग्न झालं, वरात नागपूरला आली आणि नवरीबरोबर पाठराखणीला आलेल्या तिच्या थोरल्या भावाने, लक्ष्मणजींनी, मागचं दार उघडून ती नदी पाहिली.

तेव्हापासून लक्ष्मणजी जेव्हा येत तेव्हा दारातच विचारत, "काय जवाईबुवा, नाव सुटली का?" पवनीला सारा गाव काकूंना 'नाल्याकाठची वच्छी' म्हणे. काकू हसून सोडून देत. दामोधरजींना ते लागे. ते रागावत नसत, पण जेवता जेवता त्यांचा घास हातातच राही. निवृत्त झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की आता एकच काम उरलं आहे. लक्ष्मणजींना नागनदीतून नावेने फिरवायचं, आणि त्यांच्याच तोंडून 'नदी' म्हणवून घ्यायचं.

"आणि वच्छलाले पुढं बसवायचं," ते म्हणाले. "राणीसारखं."

"मी नाई बसणार बावा," काकू आतून म्हणाल्या. "वैनगंगेत पोहलेली पोरगी तुमच्या नदीत बुडून मेली, असं माहेरी कळलं तर कसं दिसंल?"

मुहूर्त ठरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा. त्या दिवशी नागपुरात मारबत निघते. कागद-बांबूच्या मोठमोठ्या बाहुल्या मिरवत नेतात, आणि सारं गाव ओरडत असतं की साऱ्या इडा-पिडा घेऊन जाय गे मारबत. मग ती बाहुली गावाबाहेर जाळतात. लक्ष्मणजी ती पाहायला दर वर्षी येत, म्हणजे पाहुणा हातातला. कन्हानहून सुदाम नावाचा नावाडी आणि त्याचा डोंगा ट्रकवर घालून आणला. सुदामने डोंगा उतरवला, काठावर येऊन पाहिलं आणि विचारलं, "नदी कोणीकडं हाय जी?"

दामोधरजींनी त्याला हाताला धरून घरात नेलं आणि भिंतीवरचा नकाशा दाखवला.

पण देवाने त्यांचं ऐकलं. पोळ्याच्या रात्री धो धो पाऊस झाला आणि सकाळी नागनदी काठोकाठ लाल पाण्याने वाहत होती. वाससुद्धा वाहून गेला होता. लक्ष्मणजी पिशवी घेऊन आले, मागच्या दारातून पाहिलं आणि पिशवी तिथेच टाकून सरळ काठावर गेले. दामोधरजींच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते मी त्यांच्या निवृत्तीच्या सत्कारातही पाहिलं नव्हतं.

सुदाम म्हणाला, "चाला जी लवकर. हे पावसाचं पाणी हाय. थांबत नाई."

आता कुठल्याही गावातला माणूस यावर डोंग्यात बसला असता. पण आम्ही नागपूरकर. उद्घाटनाशिवाय आम्ही नळाची तोटीसुद्धा फिरवत नाही. वरच्या अंगाला देवळापाशी पायऱ्या होत्या, तिथे दामोधरजींनी खुर्च्या मांडल्या होत्या, लाऊडस्पीकर लावला होता, डोंग्याला झेंडूच्या माळा आणि पुढे लाल फीत. फीत कापायला वॉर्डातले एक पुढारी यायचे होते. ते यायचे होते, आणि येतच राहिले.

पाण्यात एक काळा दगड होता, धोब्याचा. आम्ही खुर्च्यांवर बसलो तेव्हा तो पूर्ण बुडालेला होता. पुढारी आले तेव्हा त्याचं टोक दिसू लागलं. दीपप्रज्वलन झालं, वारा असल्यामुळे पुन्हा पुन्हा झालं, आणि टोकावर एक बगळा येऊन उभा राहिला. मग पाहुण्यांचा परिचय, हार, नारळ. पुढाऱ्यांनी भाषणात सांगितलं की लवकरच इथे काशीसारखे घाट होतील, संध्याकाळी आरती होईल, देशोदेशीचे लोक नौकाविहाराला येतील. टाळ्या पडल्या तेव्हा बगळ्याशेजारी कुत्रं बसलं होतं.

"पाणी उतरून राहिलं जी!" सुदाम ओरडला.

"आभार राहिले हायत," दामोधरजी म्हणाले. "आभाराबिगर सोडू कशी? बीए, उठा."

मी पदवीधर असल्यामुळे आभाराचं काम माझ्याकडे होतं. मी अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, मंडपवाल्याचे, लाऊडस्पीकरवाल्याचे आणि वरुणराजाचे आभार मानले. वरुणराजाचं नाव घेताना मी नदीकडे हात केला, तेव्हा त्या दगडाच्या भोवती एक बाई साडी आपटत होती.

फीत कापून पुढारी म्हणाले, त्यांना दुसरा कार्यक्रम आहे. म्हणून डोंग्यात आम्ही तिघेच बसलो. दामोधरजी, लक्ष्मणजी आणि मी. पुढची जागा दामोधरजींनी रिकामी ठेवली. तिच्यावर घरून आणलेली सतरंजी घडी करून टाकली होती. काकू आल्या नव्हत्या.

सुदामने बांबू टेकवला आणि डोंगा निघाला. दामोधरजी उभे राहून माहिती सांगू लागले.

"डाव्या हाताले पाहा, पुराना घाट!"

"धोब्याचा दगड हाय तो," लक्ष्मणजी म्हणाले.

"उजव्या हाताले, राजांच्या काळातली वस्ती!"

"राजे गेले तेव्हापासून झाडली नाई वाटते. अन् जवाईबुवा, समद्या घरांची पाठच दिसून राहिली. शहर आपल्यावर रुसलं का?"

"पाठच पाहावं माणसानं," दामोधरजी म्हणाले. "तोंड तर सारेच धुतात."

एका मागच्या दारात एक बाई खरकट्याची बादली फेकायला उभी होती. डोंगा पाहून ती चपापली आणि तिने डोक्यावरून पदर घेतला. दामोधरजींनी तिला वाकून नमस्कार केला. तिनेही केला. आम्ही पुढे गेल्यावर बादली रिकामी झाल्याचा आवाज आला.

मधे एक म्हैस बसली होती. सुदामने तिला बांबूने ढोसलं, हाका मारल्या. ती उठली नाही. शेवटी डोंग्यालाच वळण घ्यावं लागलं.

मार्ग असा आखला होता की डोंगा आमच्या घराच्या मागच्या दारासमोरून जावा. तो तिथवर बरोबर आला, आणि तिथेच बसला. बुडाला चिखल लागला. सुदामने जोर केला, मी जोर केला, लक्ष्मणजींनी हसत हसत जोर केला. डोंगा हलेना.

समोरच्या पुलावर तोवर मारबतीहून परतणारी गर्दी जमली होती. सकाळपासून ओरडून त्यांचे घसे अजून गरमच होते. झेंडूच्या माळा घातलेलं काहीतरी नदीत अडकलेलं पाहून त्यांना दुसरी मारबतच मिळाली.

"डास-मच्छर घेऊन जाय गे मारबत!"

"नळाले पाणी नाई, घेऊन जाय गे मारबत!"

"अबे जाईन कुठं? फसली ना थे!"

सारा पूल हसला. लक्ष्मणजींच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. त्यांनी धोतर वर खोचलं, चिखलात उतरले आणि काठाला लागून म्हणाले, "पवनीले या जवाईबुवा. तुमाले नाव दाखवतो."

मीही उतरलो. दामोधरजी उतरले नाहीत. ते त्या सतरंजीच्या मागे खाली बसले. त्यांनी पुलाकडे पाहिलं नाही, आमच्याकडे पाहिलं नाही. ज्यासाठी सारा खटाटोप केला ते साऱ्या गावासमोर हातचं गेलं होतं, आणि आता ते पुन्हा कधीच होणार नव्हतं, हे त्यांच्या पाठीकडे पाहूनसुद्धा कळत होतं.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. काकू पायऱ्या उतरून आल्या. नऊवारीचा काठ वर खोचला आणि पोटरीभर चिखलातून सरळ डोंग्याकडे चालू लागल्या.

"वच्छी, कोठं चालली वं?" लक्ष्मणजी ओरडले. "पाहिली ना नदी? तुह्या नवऱ्यानं बैठकीत सांगतली होती थे!"

काकू डोंग्याच्या कडेला हात टेकून उभ्या राहिल्या. "मले तवाच मालूम होतं, भाऊ. इतवारीच्या मावशीनं पहिलेच सांगतलं होतं, नागपुरात नाव चालत नाई म्हणून."

"मंग हो काहून म्हटलं?"

"मले पाहाले याच्याआधी किती तरी आले. खाल्लं, पान घेतलं, गेले. सैपाक येते का, शिवण येते का, समदं इचारलं. तुले काय आवडते, हे यायनं एकट्यानं इचारलं. मी म्हटलं, नावेत बसाले. मंग हे म्हणाले, हाय आमच्याकडं. दुसरं काय म्हणंल माणूस?"

लक्ष्मणजींचं हसू थांबलं. इतकी वर्षं ते जी गोष्ट सांगत आले होते, तिची ही बाजू त्यांनी ऐकलेली नव्हती. त्यांनी खोचलेलं धोतर उगाच सोडलं आणि ते पाय धुवायला घराकडे गेले.

दामोधरजी काकूंकडे पाहत राहिले. "मालूम होतं तर बोलली काहून नाई वं, इतके दिवस?"

"तुमी मन लावून सांगत होते. मले थे मोडवलं नाई."

काकू डोंग्यात चढल्या. माहेरी लहानपणी शिकलेलं अंग अजून विसरलं नव्हतं. डोंगा जरासुद्धा कलला नाही. त्या सतरंजीवर बसल्या, आणि मग बाजूला सरकून त्यांनी शेजारी जागा केली. दामोधरजी पुढे आले आणि तिथे बसले. त्या काळी महालात नवराबायको चारचौघांत असे शेजारी बसत नसत. पुलावरचा गलबला हळूहळू विरला. बघता बघता कठडा रिकामा झाला. सुदाम पाठ फिरवून बिडी ओढत बसला.

"आता बोला," काकू म्हणाल्या. "समद्याईले सांगत होते ना. डाव्या हाताले काय हाय?"

दामोधरजींनी डावीकडे पाहिलं.

"डाव्या हाताले," ते म्हणाले, "आपलं घर हाय वं."

काकूंनी मान वळवली आणि पहिल्यांदाच पाहत असाव्यात तसं त्या घराकडे पाहिलं.