सुभद्राबाईंचे ठिपक्यांचे मोजे

पिलाटीस म्हणजे नेमकं काय, हे सुभद्राबाईंना ठाऊक नव्हतं. पण ते आपल्याला येणार, याबद्दल त्यांच्या मनात तीळभरही शंका नव्हती! आचऱ्याच्या शाळेत बत्तीस वर्षं त्यांनी कवायत शिकवली होती. त्यांची शिट्टी वाजली की मैदानावरची पोरंच काय, कडेला चरणारी गुरंसुद्धा सावधानमध्ये उभी राहत, असं गावात सांगत.

मालवणात सोमवारपासून पिलाटीसचा क्लास सुरू होणार होता. पुण्याहून लेकीनं, भक्तीनं, परस्पर त्यांचं नाव घालून टाकलं.

"आई, नवशिक्यांचाच क्लास आहे. नुसती जा," ती फोनवर म्हणाली.

"नुसती?" बाई कडाडल्या. "तयारीशिवाय मी आजवर वर्गात पाऊल टाकलेलं नाही!"

मग भक्तीनं मुकाट्यानं एक व्हिडिओ पाठवला आणि खाली सूचना लिहिली: तळव्याला रबराचे ठिपके असलेले मोजे घालावेत, म्हणजे पाय घसरत नाही.

शनिवारी बाईंनी मालवणची बाजारपेठ पालथी घातली. एका दुकानदारानं फुटबॉलचे मोजे दाखवले. दुसऱ्याकडे ठिपक्यांचे होते, पण तान्ह्या बाळाचे. ते बाईंच्या अंगठ्याला जेमतेम पुरले असते! शेवटी त्या साधे चॉकलेटी मोजे घेऊन घरी आल्या.

"ठिपकेच मां? ते मी घालतंय!" त्यांनी नवऱ्याला, काशिनाथरावांना, जाहीर केलं. रविवारी सकाळी त्यांच्या सायकलच्या पेटीतली पंक्चर चिकटवायच्या सुलोशनची ट्यूब काढून बाईंनी मोज्यांच्या दोन्ही तळव्यांवर छान रांगोळीसारखे ठिपके काढले.

"गो, ता सुकाक येळ लागता," काशिनाथराव म्हणाले.

"तुमी गप रवा! तुमका पिलाटिसातला काय कळता?"

काशिनाथराव परसात नारळाची पडलेली चुडतं गोळा करायला निघून गेले. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांना ही एक वाट नीट सापडली होती.

पाच मिनिटं ऊन दाखवून बाईंनी मोजे चढवले. पुढच्या खोलीत प्लास्टिकची चटई अंथरली आणि दाराकडे पाय करून त्या उताण्या पडल्या. कानात इअरफोन, छातीवर फोन. व्हिडिओतली मुलगी सांगत होती, गुडघे दुमडा, पाय टेकवा, आता दोन्ही पाय हवेत उचला, हात खाली-वर आपटा, तोंडानं जोरात श्वास सोडा, आणि शंभर होईपर्यंत अजिबात थांबू नका. ही शिस्त बाईंना फार आवडली.

त्यांनी पाय उचलले. पायांबरोबर अर्धी चटईही उठली! सुलोशननं आपलं काम चोख केलं होतं. दुसरं कुणी असतं तर थांबलं असतं. पण तोवर मोजणी सातावर पोचली होती, आणि सातावर थांबलेल्या पोराला बाईंनी कधी माफ केलं नव्हतं. स्वतःला कशा करणार?

फुस्! फुस्! फुस्!

नेमका तेव्हा शेजारचा बाबली शिडी मागायला आला. दारातून त्याला बाई दिसल्याच नाहीत. दिसली ती जमिनीतून उभी राहिलेली, थरथरणारी चटई, आणि तिच्यामागून येणारे फूत्कार! चपला तिथेच टाकून बाबली परसात धावला.

"काशिनाथकाका! घरात जिवाणू शिरलाहा, सरप! चटय उभी केल्यान!"

"केवढा आसा?"

"चटय उचलता म्हणजे केवढा आसतला, ता तुमीच बघा!"

बघता बघता अंगण भरलं. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात कोयती, एकीच्या हातात तर घाईत उचललेली कोवळी वांगी! शेजारच्या वाडीतला विनीत साप पकडायचा. तो आकडा आणि गोणपाट घेऊन मोटारसायकलवरून आला. हात वर करून त्यानं सगळ्यांना गप्प केलं आणि कान दिला.

फुस्! फुस्!

"घोणस," विनीत गंभीरपणे म्हणाला. "कुकरासारखी फुसकारता. कोणी हलू नकात."

तेवढ्यात काशिनाथराव एकदम दचकले. "पण आमची ही खंय आसा?"

सगळे चटईकडे बघायला लागले.

"गिळल्यान काय रे?" बाबली पुटपुटला.

"घोणस माणसाक गिळीत नाय!" विनीत खेकसला.

"मगे ही खंय गेली?" काशिनाथराव ओरडले. सूचना दिल्याशिवाय बायको कधी उंबऱ्याबाहेर पडली नव्हती! त्यांनी विनीतच्या हातातला आकडा हिसकावला. पालीला घाबरून स्टुलावर चढणारा हा माणूस ताडताड घरात शिरला.

"सुभद्रा! मी इलंय!"

आकडा चटईच्या कडेत अडकवून त्यांनी सगळं बळ लावून ओढला. टर्रर्र!

चटई मोज्यांपासून सुटली. मागं हवेत दोन चॉकलेटी पाय, त्यापलीकडे घामानं निथळलेला लालबुंद चेहरा, आणि त्यातून आलेली आरोळी: "शंभर!!!"

अंगण क्षणात ओस पडलं! बाबली जी मागायला आला होता त्याच शिडीवर चढला आणि विनीतनं गोणपाट स्वतःच्याच डोक्यावर ओढलं.

बाईंनी एक इअरफोन काढला. समोर आकडा धरून नवरा उभा, आणि त्याचे डोळे भरलेले.

"तुमी रडतास कित्याक?"

"काय नाय गो," काशिनाथराव नाक ओढत म्हणाले. "कांदो चिरी होतंय."

बाईंनी आकड्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच एक चुकीचं उत्तर बरोबर धरलं.

सोमवारी सकाळी त्या मालवणच्या क्लासात पहिल्या रांगेत हजर! पोट आदल्या दिवशीच्या शंभरानं असं ठणकत होतं, की रात्रभर कूसही बदलता आली नव्हती. पण चेहऱ्यावर तसं दिसेल तर शपथ! शिकवणारी इशिता पंचविशीतली होती.

"आज पहिला दिवस, म्हणून फक्त श्वास," ती म्हणाली. "पडा, डोळे मिटा आणि अंग सैल सोडा."

बाईंनी डोळे मिटले.

कुणाच्या तरी घोरण्यानं दचकून उघडले, तेव्हा बायका चटया गुंडाळत होत्या. शेजारच्या दोघींच्या चटया का कोण जाणे, पार भिंतीपर्यंत सरकल्या होत्या. इशिता हसू दाबत बाईंच्या उशाशी बसली होती.

"काकू, पहिल्याच दिवशी इतकं सैल कुणालाच सोडता येत नाही. तुमचा पहिला नंबर!"

घरी काशिनाथराव दारातच वाट बघत होते.

"कसा झाला गो?"

"पहिलो नंबर इलो!"

"खरा? कित्यात?"

बाईंनी पिशवी त्यांच्या हातात दिली आणि ताठ मानेनं आत गेल्या.

"नंबर इलो मां? मगे तपशील कित्याक होयो!"