बेल्त्रानच्या गाण्यांचे अर्थ

"वा, सर! काय गळा आहे!" असं कमलाकर म्हणाला आणि तिथेच फसला.

१९९१ सालच्या जानेवारीचा पहिला आठवडा चालू होता. पंधरा तारखेपर्यंत इराकने कुवेत सोडलं नाही तर लढाई, हे रियाधमध्ये पोराटोरांनाही पाठ झालं होतं. जो तो पंधराच्या आत विमानात बसायच्या खटपटीत होता. पण पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे नोकरीवर आणणाऱ्या मालकाच्या, कपाटात, आणि त्याच्या सहीशिवाय देशाबाहेर पाऊल पडत नसे. अल सुलैमधल्या एसीच्या गोदामात कमलाकर पत्रव्यवहार बघायचा. त्याचे तीन अर्ज, म्हणजे स्वतःचा, बायको विभावरीचा आणि लेक आर्याचा, कफील अबू नासरच्या टेबलावर चार दिवस पडून होते. त्यांच्यावर वजन म्हणून एक कॅसेट ठेवलेली होती.

रामिरो बेल्त्रान नावाच्या स्पॅनिश गायकाची ती कॅसेट. वेष्टनावर त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईवर दुकानदाराने इमानेइतबारे काळी शाई फासली होती. त्यामुळे बेल्त्रान एका मोठ्या डागाच्या कमरेत हात घालून हसत होता. ऑफिसात दिवसभर तोच गळा काढायचा.

"तुला समजतं?" अबू नासरने त्याच्या मोडक्या हिंदीत विचारलं.

"समजतं म्हणजे काय, सर! पुण्याला दोन वर्षं स्पॅनिश शिकलोय."

पुण्याला कमलाकर दोन वर्षं टायपिंग शिकला होता.

"मग सांग, काय म्हणतो हा?"

कमलाकरने डोळे मिटले. "पिंजऱ्यातला पक्षी आहे, सर. मालकाला म्हणतो, वादळ येतंय, दार उघड."

अबू नासरने रुमालाच्या टोकाने डोळे टिपले. कमलाकरला सही दिसायला लागली. पण अबू नासर म्हणाला, "बुकरा." म्हणजे उद्या.

दुसऱ्या दिवशीच्या गाण्यात एक म्हातारी आई निघाली. ती बंदरावर उभी राहून परदेशातल्या मुलाची वाट बघत होती. तिसऱ्या दिवशी एक दयाळू जमीनदार आला. रोज डोळे टिपले जात आणि रोज 'बुकरा' येई.

"अवो कमलाकरभाव," गोदामाचा ड्रायव्हर फकरुद्दीन म्हणाला. तो रत्नागिरीकडचा. "गान्याबिन्याचा कशाला घोळ घालताव? सरळ सांगा ना, भ्या वाटतो म्हनून."

"असं कुणी सांगतं का? आपली काही पत आहे की नाही?"

"माजी नाय बा," म्हणत फकरुद्दीन आत गेला आणि पाच मिनिटांत सही घेऊन बाहेर आला.

"काय बोललास?" कमलाकरने विचारलं.

"बोललो, रातचा झोप येत नाय, पोटात गोळा येतो. तो बोलला, माज्यापन येतो."

मग मात्र कमलाकरने कंबर कसली. नऊ तारखेला बेल्त्रानचं टाळ्यांचं, नाचाचं गाणं लागलं होतं. अबू नासरने विचारायची वाटही न बघता तो सुरू झाला, "सर, यात मालक सगळ्या नोकरांना पासपोर्ट परत देतो. बायकामुलांसकट! म्हणून गावकरी टाळ्या वाजवतायत."

अबू नासरने कॅसेट बंद केली.

"कमलाकर, मी सहा वर्षं स्पेनमध्ये ग्रानादाला कॉलेजात होतो."

एसीची घरघर एकदम मोठी वाटू लागली.

"हे गाणं कोळंबीवर आहे. लसूण घालून तळलेल्या. आणि तुझा तो पक्षी आहे ना, तो मुळात एक न्हावी आहे."

"सर, माफी..."

"माफी कसली? आठवडाभर एवढा हसलो, की डोळ्यांतून पाणी." त्याने पेन काढलं. विभावरीच्या अर्जावर सही केली. आर्याच्या अर्जावर केली. तिसरा अर्ज घडी करून खिशात घातला.

"सर, माझा?"

"तू राहा. पन्नास गिऱ्हाइकं विचारतायत, माल कधी येणार. जहाज अजून सिंगापुरातून हललेलंच नाही. त्यांना रोज पत्रं लिहायची आहेत. इतकं गोड खोटं रचणारा माणूस लढाईच्या दिवसांत मी घरी पाठवू? खलास. यल्ला, टाइपरायटरवर बस."

संध्याकाळी घरी विभावरी बॅगा भरत होती. "झाली का सही?"

"तुमच्या दोघींची झाली. मला सोडत नाही तो." कमलाकर खुर्चीत बसला. "म्हणाला, या लढाईत तुझ्यासारखा माणूस दुसरा मिळायचा नाही."

आर्याने "रिअली, बाबा?" म्हणून डोळे मोठे केले. विभावरीने बॅगेतून त्याचे सदरे एकेक करून बाहेर काढले.

"पुरे," ती म्हणाली. "निदान घरात तरी थापा मारू नका."

आठवड्याभरात कमलाकरच्या तोंडून निघालेलं ते पहिलंच खरं वाक्य होतं.