वैशाखात हजर झालेले जंत

माझं कुणी ऐकलंच नाही. माझ्या डुकरांतले जंत होळी झाली की रजेवर जातात आणि आषाढात हजर होतात, हे मी बावीस वर्षं सांगतेय. यंदा ते वैशाखातच हजर झाले, तेव्हा सगळ्यांनी बोट माझ्याकडं केलं.

माझी डुकरीण तांबडी खोकायला लागली. तिच्या अकरा पिल्लांची पोटं फुगली. जनावरांचे डॉक्टर केसरकर आले आणि शेडच्या दारात टेबल मांडून पंचनामा लिहायला बसले.

"सुंदराबाई, चैत्रात औषध का नाही पाजलं?"

"कुणासाठी पाजू? चैत्रात ते रजेवर असतात."

"पुरावा?"

"त्यांनाच विचारा की. आत बसलेत."

डॉक्टरांनी लिहिलं, सुंदराबाईंची हयगय. तो कागद तसाच गेला असता तर शेडला कुलूप लागलं असतं आणि तांबडी पिल्लांसकट जप्तीच्या गाडीत चढली असती. मी त्यांचा पेनच धरला. म्हटलं, जंतांचा जबाब घेतल्याशिवाय सही करायची नाही.

तेवढ्यात तांबडी हगली आणि जंतांचा म्होरक्या बाहेर आला. वीतभर लांब, पांढरट, वयस्कर. डॉक्टरांनी त्याला टेबलावर घेतलं.

"रजा संपायच्या आधी का आलात?"

"भुई वाळली की रजा सुरू, भिजली की बंद," म्होरक्या म्हणाला. "यंदा वैशाखात भिजली. आम्ही आलो. न येऊन चालतंय होय? गैरहजेरी लागते."

"पाऊस कुठं होता?"

"वरचं आम्हाला कळत नाही. ओल कळते. रोज दोनदा, अर्धा अर्धा तास."

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी आढ्याकडं बोट केलं. तिथं पाण्याचा फवारा होता, डुकरांना ऊन सोसत नाही म्हणून बसवलेला. भुई ओली राहील, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. "तुम्हाला काय कळतंय, सुंदराबाई," असं उत्तर मिळालं होतं.

फवारा बसवायचा लेखी हुकूम मी पेटीतून काढून टेबलावर ठेवला.

म्होरक्याला अंगठा नाही. त्याला अख्खा शाईत बुडवून जबाबाखाली टेकवलं. मग डॉक्टरांनी तांबडीला औषध पाजलं. म्होरक्याची हरकत नव्हती. म्हणाला, ते दरसालचंच आहे.

डॉक्टरांनी हुकुमाखालची सही दोनदा वाचली. पंचनाम्यातलं माझं नाव खोडलं आणि वर नीट अक्षरात लिहिलं: डॉ. विश्राम दत्ताराम केसरकर.