अदबीने वाकलेले शिक्के

आमच्याकडे कनिष्ठाचा शिक्का डावीकडे साधारण आठ अंश कललेला असतो. मी कोनमापकाने मोजला आहे. मंजुरीच्या रांगेत वरिष्ठाची चौकट डावीकडे, म्हणून आपल्या नावाचा शिक्का तिकडे जरा झुकवून उमटवायचा. कागदावर वाकल्यासारखं.

मोजलं, पण ध्यानात घेतलं नाही. जपानमधल्या मोरिओका शहराबाहेरच्या आमच्या माती परीक्षण संस्थेचा कारभार तीन आठवड्यांत संगणकावर आणते, असं मी भर बैठकीत सांगून बसले होते. नवं यंत्र आलं. कागदावर शिक्का मारून काचेवर ठेवायचा. यंत्र शिक्के वाचून तो पुढे धाडणार.

पहिलाच कागद कुझुमाकीसानचा. एकोणीस वर्षं दस्तऐवजांची कपाटं सांभाळणारी ही बाई अजून दर वर्षी नव्या करारावर होती. तिला कायम करण्याचा हाच प्रस्ताव सहा वर्षं संचालकांच्या विचाराधीन होता. यंदा करारही वाढणार नव्हता. एकतीस मार्चला पाच वाजता तिने किल्ल्या द्यायच्या होत्या.

यंत्राने कागद परत केला : शिक्का अमान्य, पुन्हा उमटवा. धूळ असेल म्हणून मी काच पुसली. वरच्या मजल्यावर विभागप्रमुख होरिउचीसाननी मात्र वेगळाच अर्थ लावला. आपली अदब कमी पडली! त्यांनी शिक्का वीस अंश झुकवला. परत. चाळीस. परत. मग त्यांच्या हाताखालचे ताठ कसे राहणार? तेही वाकले. एकतीसला दुपारी मी तो कागद पाहिला आणि पाहतच राहिले. पाच शिक्के वाऱ्याने आडव्या झालेल्या भातासारखे. होरिउचीसानचा तर पार डोक्यावर उभा. एका कागदावर इतकी नम्रता मी कधी पाहिली नव्हती.

"यंत्राला सरळ शिक्का लागतो," मी म्हणाले.

"सरळ? संचालकांच्या शेजारी?" होरिउचीसान पांढरे पडले. "बाई, माझ्या निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत."

यंत्रातला नियम बदलायला कंपनी आठवडा मागत होती. घड्याळात साडेचार. तेव्हा होरिउचीसाननी आवाज उतरवून सुचवलं, की संचालकांचा शिक्का सरळच असतो, आणि त्यांच्या खोलीबाहेरच्या टेबलाच्या खणात असतो. तेवढा एकच उमटवला तरी यंत्र गप्प बसेल. घाईच्या वेळी आम्ही सगळेच तो परस्पर वापरायचो. जानेवारीत मीही वापरला होता.

कुझुमाकीसान किल्ल्यांचा जुडगा पुसत होती.

"एकोणीस वर्षांत माझ्या कपाटात खोटा कागद गेलेला नाही," ती म्हणाली. "पहिला माझाच नको."

मी शुद्धता मोजून पोट भरते, पण परीक्षानळीबाहेर ती अशी समोर उभी राहिलेली पहिल्यांदाच पाहत होते.

मग मीच लिहिलेल्या आणि कुणीही न वाचलेल्या नियमावलीतलं एक कलम आठवलं : यंत्र अडलं तर अधिकाऱ्याने दोन साक्षीदारांसमोर तोंडी दिलेला निर्णय नोंदवता येतो.

होरिउचीसान, कुझुमाकीसान आणि मी, आम्ही तिघं संचालक त्सुकागोशींसमोर वाकून उभे राहिलो. मी प्रस्ताव तोंडी मांडला. सवयीने त्यांचा हात पुढे आला. कागद घ्यायचा आणि 'विचाराधीन'च्या ट्रेमध्ये ठेवायचा, हा त्यांचा रिवाज. पण आमच्याकडे कागदच नव्हता. हात हवेतच राहिला. त्यांनी ट्रेकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, होरिउचीसानकडे पाहिलं. ते तर जमिनीकडे पाहत होते. पाचला सहा मिनिटं कमी होती.

"कुझुमाकीसान कायम," संचालक म्हणाले. "किल्ल्या राहू द्या."