शेजारबाधित

रेडिएशन शेवंताक्काच्या गळ्याला दिलं आणि तोंडाची चव गेली माझी.

आमच्या दोघींच्या परसात एकच भिंत, छातीएवढी. आक्काच्या गळ्याला गाठ झाली, म्हणून आठवड्यातले पाच दिवस ती किरण घ्यायला जाते. मी त्या मशीनच्या खोलीचं दारसुद्धा बघितलेलं नाही. तरी दहाव्या दिवशी मला आमटी आणि कोमट पाणी सारखंच लागायला लागलं. माझी कराडात खानावळ आहे हो! त्या दुपारी वांग्यात मी तीनदा मीठ घातलं, आणि इतकी वर्षं मुकाट जेवणारे देवरे मास्तर ताट सारून उठले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तणतणत दवाखाना गाठला. खिडकीत मुळीक क्लार्क होते.

"किरण कुठं पडले?"

"पडलेच नाहीत."

"मग शेजारबाधित." त्यांनी मान वर न करता हिरवा फॉर्म काढला. "पेशंटशी नातं?"

"शेजारीण."

"सख्खी?"

"सख्खीच म्हणायची."

"देवाणघेवाण?"

"वाटीची. मी भाजी देते, ती चटणी देते."

"वाटी रिकामी परत येते?"

"अहो, रिकामी कशी येईल? काही रीतभात आहे की नाही?"

क्लार्कनी 'सतत संपर्क' असं लिहून शिक्का मारला आणि मला आत पाठवलं.

डॉक्टर मुजावरांनी फॉर्म शांतपणे वाचला. "बरोबर आहे. ज्याच्यावर किरण पडतात, तो शेजाऱ्याला कळवतोच. तुमच्या पलीकडं कोण राहतं?"

"तलाठी. त्यांच्याकडं आमची वाटी जात नाही."

"म्हणून ते धडधाकट आहेत. वाटी बंद करा, आठ दिवसांत चव परत येईल."

"झालीच म्हणून समजा." मी उठले. "आणि आक्काची?"

"त्यांची जाईल. ती तुमची गेलीय, म्हणून त्या चार घास जेवतायत. जेवण तुटलं, वजन उतरलं, तर किरण थांबवावे लागतील. अजून वीस बाकी आहेत." त्यांनी फॉर्मवर दोन रकाने दाखवले. वाटी बंद. वाटी चालू. "सही करून उद्या आणा."

मला आक्काचा राग आला, खरंच आला. जन्मभर बाईनं माझ्या भाजीला नावं ठेवली, आणि आता जीभही माझीच पाहिजे! घर येईपर्यंत तोंडातल्या तोंडात तिला शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोडका केला. हात आपोआप वाटीकडं गेला. भरली, भिंतीवर ठेवली.

"मालन!" पलीकडून बसक्या आवाजात आक्का ओरडली. "समुद्र आटवलास का गं? मीठ किती हे!"

मी जागीच उभी राहिले. मग सबंध पातेलं उचलून भिंतीपाशी नेलं, त्यात उकडलेले बटाटे कुस्करले.

"आता बघ."

"अजून खारट आहे."

आणखी दोन कुस्करले. "आता?"

"हां. आता माणसांनी खावं असं झालं."

दुपारी देवरे मास्तरांनी भाजी दोनदा मागून घेतली. मी हात पुसले आणि 'वाटी चालू'खाली सही केली. शेऱ्याची जागा कोरी होती, तिथं लिहिलं: मीठ शेवंताक्का बघते.